टॅबवर बोलणारं पोर खेळात लिंबूटिंबू नसतं (त्या फॉरवर्डला उत्तर)

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर तो लांबलचक फॉरवर्ड आला, तुमच्याकडेही आला असेल, "सर्व पालकांनी जरूर वाचावा" टाइपचा. थोडक्यात म्हणणं असं की ज्या मुलांना बोलता येत नाही त्यांना बोलणारा टॅब दिला की ती आळशी होतात आणि उरलंसुरलं बोलणंही जातं, आणि आजकाल त्या टॅबवर बोलत पत्ते नि ल्यूडो खेळवायचं जे फॅड आलंय तो निव्वळ टाइमपास आहे. आधी गरजा सांगायला शिकवा, टेबलाशी बसवून कार्डं दाखवा, खेळबिळ नंतर. शिवाय हात चालत नाहीत, बाकीच्यांचा खेळ खोळंबतो, आणि हे सगळं परदेशी नि महागडं.

माझा भाचा ९ वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी आहे (म्हणजे मेंदूकडूनच हालचालींवर नीट ताबा राहत नाही), तोंडाने बोललेलं घरच्यांनाही निम्मंच कळतं, गेली ३ वर्षं तो टॅबवर चित्रांची बटणं दाबून बोलतो. मी थेरपिस्ट नाही, आत्या आहे. पण सुट्टीत दादाकडे साताऱ्याला गेले की रात्रीचा पत्त्यांचा डाव माझ्याकडे असतो, त्यामुळे ह्या विषयावर गप्प बसणं मला जमणार नाही.

१. टॅबमुळे मूल आळशी होतं म्हणे.

ही भीती जुनीच आहे आणि आई-बापांना ती वाटणं साहजिक आहे, वहिनी पण पहिले सहा महिने ह्याच भीतीने टॅब कपाटात ठेवायची. पण हे तपासून झालंय हो. मिलर, लाइट आणि श्लॉसर ह्या संशोधकांनी २००६ मध्ये आधीचे सगळे अभ्यास चाळले, त्यात ज्यांच्यावर भरवसा ठेवता येईल अशा २७ केसेस निघाल्या. एएसीमुळे (म्हणजे चित्रं, खुणा, टॅब असं काहीही वापरून बोलणं) त्यातल्या एकाचंही तोंडी बोलणं कमी झालं नाही, ११ टक्क्यांत फरक पडला नाही आणि ८९ टक्क्यांत बोलणं थोडंफार वाढलं. २७ म्हणजे काही फार मोठा आकडा नाही हे मला मान्य आहे, आणि वाढ बऱ्याच जणांत थोडीशीच होती, पण "बोलणं जातं" ह्याला त्यात आधार सापडत नाही तो नाहीच.

आणि आळशी? तुम्ही-मी मिनिटाला शंभर-दीडशे शब्द सहज बोलतो, टॅबवर बटणं शोधून बोलणाऱ्याचे दहा-पंधरा झाले तरी डोक्यावरून पाणी. आळशी माणूस हा रस्ता कशाला धरेल?

२. "आधी पाणी हवं, शू लागली हे येऊ दे, मग खेळ."

हे ऐकायला फार शहाणपणाचं वाटतं, आणि इथेच सगळा घोळ आहे. वरच्या तिघांतल्याच जेनिस लाइट ह्यांनी १९८८ मध्ये माणूस कशाकशासाठी बोलतो त्याचे चार भाग सांगितले होते: गरज सांगणं, माहिती देणं-घेणं, जवळीक, आणि रीतभात म्हणजे नमस्कार-थँक्यू वगैरे. आपण ह्या मुलांना वर्षानुवर्षं पहिल्याच खोलीत कोंडून ठेवतो. पाणी, शू, भूक, झालं. तुम्हीच आठवा, आज दिवसभरात तुम्ही किती वेळा पाणी मागितलंत आणि किती वेळा कुणाला चिडवलंत, कुणाची तक्रार केलीत, उगाच फुशारकी मारलीत. शिवाय पाणी तर आई न मागताच देते, तिला चेहऱ्यावरून कळतं! मग बटण दाबायचं कशाला?

आपल्याकडच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही संवाद ह्या शब्दाच्या व्याख्येत अशी पर्यायी साधनं धरलेली आहेत, आणि तिथे कुठेही "फक्त शू लागल्यावर" असं लिहिलेलं नाही.

३. खेळ म्हणजे टाइमपास, भाषा कार्डं दाखवून येते.

ह्याला उत्तर म्हणून मे महिन्यातली एक रात्र सांगते. आम्ही चॅलेंज खेळत होतो, काही घरांत ह्यालाच ब्लफ म्हणतात. पत्ते पालथे टाकायचे आणि "दोन राण्या" असं जाहीर करायचं, खरं असो वा खोटं, कुणाला संशय आला तर त्याने आव्हान द्यायचं. भाच्याला लागणारे शब्द किती, तर आकडे, राजा राणी गुलाम एक्का, पास, आणि "खोटं". एवढ्यावर अख्खा डाव चालतो. त्याने दोन पत्ते सरकवले, टॅबवर "दोन" दाबलं, मग जरा थांबून "राणी". तीन राण्या माझ्या हातात होत्या! म्हणजे पोरगं टॅबवरून सरळ खोटं बोललं, माझ्या माहितीत आयुष्यातलं पहिलं. त्या मशीनच्या आवाजाला चढउतार नाही, खरं नि खोटं एकाच सुरात, त्यामुळे ब्लफसाठी त्याच्याइतका भारी आवाज आख्ख्या घरात कुणाचा नाही. पण स्वतःचा चेहरा कुठे लपवणार, बटण दाबल्या दाबल्या फिस्सकन हसला आणि पकडला गेला.

पुढच्या फेरीत आईने, म्हणजे त्याच्या आजीने, तीन एक्के सांगितले. हा बटणं शोधतोय, आम्ही सगळे थांबलोय, दादा मध्येच "काय रे, पास का?" म्हणाला तर वहिनीने त्याला डोळे दाखवले. मग आलं, "आजी". आणि मग "खोटं". आणि त्याच्या मागोमाग तोंडानेही जोरात "ओतं!". पत्ता उलटला तर चौकट सत्ती. सत्तरी ओलांडलेल्या बाईला लबाड ठरवायची संधी कुठल्या फ्लॅशकार्डवर मिळते सांगा.

कार्डावर सफरचंद दाखवून "हे काय?" विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं, ती परीक्षा झाली. खेळात तू काय टाकणार, काय बोलणार हे समोरच्याला माहीत नसतं, म्हणून तो खरोखर ऐकतो. आणि एकच शब्द एका बैठकीत वीस-तीस वेळा येतो, माझी, तुझी, अजून, नको, थांब, कुणाचं, परत, तेही घोकंपट्टी न वाटता. हे बारकेसारके शब्दच सगळीकडे कामाला येतात, "सफरचंद" दिवसातून एकदा लागतं.

४. हात चालत नाहीत.

नाही चालत, मग? कपडे धुवायचा ब्रश उलटा ठेवायचा, केसांत पत्ते खोचायचे, उभे राहतात मस्त आणि दुसऱ्याला दिसतही नाहीत. फासा पारदर्शक डबीत घालून झाकण लावायचं आणि डबी हलवायची. सोंगटी दुसऱ्याने सरकवली तरी चालेल, कुठली सरकवायची ते त्याने सांगायचं, उलट बोलायला अजून एक निमित्त.

५. बाकीच्यांचा खेळ खोळंबतो.

ह्यात थोडं तथ्य आहे. घड्याळ लावून खेळायचे किंवा आधी ओरडेल तो जिंकला टाइपचे खेळ आम्ही सोडून दिले, ते त्याच्यावर अन्यायच करतात. पण चॅलेंज, ल्यूडो, सापशिडीत थांबायला काय होतं? काही वाक्यं वहिनीने आख्खीच्या आख्खी एका बटणावर टाकलीत, "अरे देवा", "रडीचा डाव", "टाइम प्लीज", कारण टोमणा पाच सेकंद उशिरा आला की वाया जातो. "रडीचा डाव" हे त्याच्या चुलतबहिणीच्या आवाजात रेकॉर्ड केलंय आणि आता तिलाच ते ऐकून घ्यावं लागतं, बिचारी.

६. परदेशी आणि महागडं.

जेलो नावाचं ॲप आयआयटी मुंबईत तयार झालंय, फुकट आहे आणि मराठीत आहे. पत्त्यांचा कॅट किती महाग असतो ते तुम्हाला माहीत आहेच. मराठीची खरी अडचण वेगळी आहे आणि ती फॉरवर्डवाल्याला सुचलीच नाही: आपली क्रियापदं बदलतात. सुट्या सुट्या बटणांतून "मी जिंकणे" असलं काहीतरी निघतं, जिंकलो-जिंकली करायचं तर वेगळी बटणं लागतात. आम्ही काय करतो, तो "मी जिंकणे" म्हणाला की चूक न काढता आपण म्हणायचं "हो रे, तू जिंकलास!" आणि आपल्या पाळीला आपणही त्याच टॅबवर बोलायचं. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कंटाळवाणं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा "पास" शोधायला मला अर्धा मिनिट लागला, त्यानंतर मी त्याला घाई करणं बंद केलं.

आता फॉरवर्डमधलं एक म्हणणं मी उचलून धरीन, की नुसतं टॅब समोर ठेवून खेळ मांडला म्हणजे भाषा आली असं नाही. मी अशी घरं पाहिलीत जिथे मुलाला फक्त "माझी पाळी" हे एकच बटण आहे, ते दाबलं की टाळ्या, आणि शेवटी त्यालाच जिंकवायचं. लहानपणी आपण धाकट्याला लिंबूटिंबू करायचो ना, तो आऊट झाला तरी आऊट नाही, तसंच. लिंबूटिंबूला कुणी चिडवत नाही आणि त्याच्याशी कुणी भांडतही नाही, मग तो बोलणार काय? आमच्याकडे भाचा सडकून हरतो. मेमध्ये सलग चार डाव हरला तेव्हा त्याने टॅब बाजूला ढकलला, मग परत ओढून घेतला आणि "आत्या" "नको" "उद्या" अशी तीन बटणं दाबून मला दुसऱ्या दिवशीच्या खेळातून काढून टाकलं.

फॉरवर्ड टाकणारे काका रविवारी साताऱ्याला जातायत. वहिनीने त्यांच्या नावाचं बटण केलंय, "खोटं"च्या शेजारीच.