५७ काउंट्या, ३१९ चौरस मैल आणि फसलेली वजाबाकी

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली की समाजमाध्यमांवर एक जुने ढकलपत्र नव्याने फिरू लागते. जन्म २०१६ चा, ट्रम्प पहिल्यांदा निवडून आले तेव्हाचा. मजकूर थोडक्यात असा (काउंटी म्हणजे राज्यातला आपल्या जिल्ह्यासारखा विभाग): ‘अमेरिकेत ३,१४१ काउंट्या आहेत. त्यातल्या ३,०८४ ट्रम्प यांनी जिंकल्या, हिलरी क्लिंटन यांनी फक्त ५७. क्लिंटन यांना देशभरात सुमारे १५ लाख मते जास्त पडली खरी, पण न्यूयॉर्क शहराच्या पाच काउंट्यांतच त्यांना २० लाखांहून मोठी आघाडी होती. म्हणजे ३१९ चौरस मैलांत राहणाऱ्यांनी जवळपास ३८ लाख चौरस मैलांच्या देशाचा निकाल ठरवायचा का? म्हणून इलेक्टोरल कॉलेज हवेच.’ (इलेक्टोरल कॉलेज म्हणजे राज्याराज्यांतून निवडल्या जाणाऱ्या इलेक्टरांचे मंडळ. अध्यक्ष ठरतो तो या इलेक्टरांच्या मतांनी, देशभरातल्या एकूण मतांनी नव्हे.)

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ट्रम्प यांचा २०१६ चा विजय नियमानुसार होता. ५३८ पैकी २७० इलेक्टर लागतात, त्यांनी ३०६ मिळवले. (प्रत्यक्ष मतदानात काही इलेक्टर फिरले आणि नोंद ३०४ विरुद्ध २२७ अशी झाली. निकालाला त्याने धक्का लागला नाही.) हा विजय सिद्ध करायला कुठल्याही ढकलपत्राची गरज नव्हती. तरी कुणाला ती वाटली आणि त्यासाठी आकडे बनवले गेले. म्हणून हे आकडे एकेक करून तपासू.

५७ काउंट्या. हा आकडा थेट खोटा आहे. क्लिंटन यांनी पाचशेच्या आत-बाहेर काउंट्या जिंकल्या, ट्रम्प यांनी सुमारे २,६००. ट्रम्प यांच्याकडे काउंट्या कितीतरी जास्त होत्या हे खरेच आहे, पण काउंटी हे मतांचे माप नव्हे. टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत ६४ माणसे होती, लॉस एंजेलिस काउंटीत एक कोटी. दोन्ही ‘एक काउंटी’ म्हणून मोजल्या तर त्या मोजणीतून काय कळणार?

१५ लाखांची आघाडी. हा आकडा खोटा नव्हता, शिळा होता. मतमोजणी चालू असताना कधीतरी आघाडी तेवढी होती. अंतिम आकडे असे: क्लिंटन ६,५८,५३,५१४, ट्रम्प ६,२९,८४,८२८. फरक २८,६८,६८६. हा फरक मागाहून फुगला कसा, अशी शंका तेव्हाही काढली गेली. कॅलिफोर्नियात टपालाने येणारी मते प्रचंड असतात, निवडणुकीच्या दिवसाचा शिक्का असलेले पाकीट नंतर पोहोचले तरी ठरावीक मुदतीत ते धरले जाते, आणि प्रत्येक पाकिटावरची सही पडताळायची असते. त्यामुळे तिथली मोजणी काही आठवडे चालते. स्वतः ट्रम्प यांनी लाखो बेकायदा मते वजा केली तर देशभरातल्या मतांतही आपणच जिंकलो, असे म्हटले होते. २०१७ मध्ये त्यांनी यासाठी आयोगही नेमला. ती लाखो मते दाखवून न देताच जानेवारी २०१८ मध्ये तो गुंडाळला गेला.

न्यूयॉर्कच्या पाच काउंट्या. ढकलपत्राची सगळी मदार या मुद्द्यावर आहे. शहरात क्लिंटन यांना सुमारे २१.६ लाख मते पडली, ट्रम्प यांना पाच लाखांच्या किंचित आत. म्हणजे आघाडी सुमारे १६.७ लाखांची, वीस लाखांहून जास्त नव्हे. बहुधा लिहिणाऱ्याने क्लिंटन यांची सगळी मतेच ‘आघाडी’ म्हणून धरली आणि ट्रम्प यांची वजा करायला तो विसरला. बरे, आता ही पाचही काउंट्यांची मते नकाशावरून पुसून टाकू. २८.७ लाखांतून १६.७ लाख गेले, तरी क्लिंटन बारा लाखांनी पुढेच राहतात. दावा तिथेच संपतो.

यावर हुशार मंडळी न्यूयॉर्क सोडून कॅलिफोर्निया पकडतात: ‘ते एक राज्य वगळा, ट्रम्प पुढे.’ हे गणित बरोबर आहे. तिथे क्लिंटन यांची आघाडी जवळपास ४२.७ लाखांची होती. पण उमेदवाराचे सर्वात भक्कम राज्य वगळले की तो मागे पडतो, यात सिद्ध काय झाले? शिवाय कॅलिफोर्निया वगळताना ट्रम्प यांचेही जवळपास ४५ लाख मतदार वगळावे लागतात. टेक्सास आणि फ्लोरिडा सोडले तर त्यांना इतकी मते दुसऱ्या कुठल्याच राज्यात मिळाली नाहीत. त्या ४५ लाख मतांतून त्यांच्या पदरात इलेक्टर पडले शून्य. ज्या पद्धतीचे गोडवे हे पत्र गाते, तिनेच त्यांच्या या मतदारांना हिशेबाबाहेर ठेवले.

चौरस मैल. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या शहर आणि उपनगर या दोन्ही जिल्ह्यांच्या मिळून चोवीसपट. म्हणून गडचिरोलीच्या मतदाराला चोवीस मते द्यावीत, असे तिथला मतदारही म्हणणार नाही. आणि क्षेत्रफळाला इलेक्टोरल कॉलेजमध्येही स्थान नाही. तसे असते तर क्षेत्रफळाने सर्वात मोठ्या अलास्काला फक्त तीन इलेक्टर मिळाले नसते.

इलेक्टर वाटले जातात ते असे: प्रत्येक राज्याला संसदेच्या प्रतिनिधीगृहातल्या, लोकसंख्येनुसार ठरणाऱ्या जागांइतके, अधिक सिनेट या वरच्या सभागृहातल्या दोन जागांचे दोन. राजधानी वॉशिंग्टनला तीन. या ‘अधिक दोन’मुळे लहान राज्यांना झुकते माप मिळते. २०२० च्या जनगणनेनुसार वायोमिंगमध्ये एका इलेक्टरमागे सुमारे १.९२ लाख लोक आहेत, कॅलिफोर्नियात ७.३२ लाख. म्हणून ‘लहान राज्यांनी वाचवले’ हे वाक्य पटकन पटते. पण ते तपासता येते. प्रत्येकाच्या इलेक्टरांतून जिंकलेल्या राज्यामागे ते दोन काढून टाकायचे आणि पुन्हा बेरीज करायची.

२०१६: ट्रम्प यांची ३० राज्ये, ३०६ उणे ६० म्हणजे २४६. क्लिंटन यांची २० राज्ये आणि राजधानी, २३२ उणे ४२ म्हणजे १९०. ट्रम्प तरीही आरामात जिंकतात. उलट तीन किंवा चार इलेक्टर असलेले जे तेरा चिमुकले भाग तेव्हा होते, राजधानी धरून, तिथल्या निकालांनुसार क्लिंटन यांना २४ आणि ट्रम्प यांना २० इलेक्टर मिळत होते. लहान राज्यांनी वाचवले ही कथा २०१६ ला लागूच पडत नाही.

ती लागू पडते २००० ला. ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज बुश ३० राज्ये, २७१ उणे ६०, उरले २११. क्लिंटन यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे अल गोर २० राज्ये आणि राजधानी, २६७ उणे ४२, उरले २२५. बुश यांना फ्लोरिडा आणि अध्यक्षपद देणारी ती ५३७ मतांची आघाडी, भोके नीट न पडलेल्या मतपत्रिका, पुनर्मोजणी आणि ती थांबवणारा ५ विरुद्ध ४ असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, हे सगळे जसेच्या तसे ठेवले, तरी ‘अधिक दोन’ नसते तर गोर अध्यक्ष झाले असते.

मग २०१६ मध्ये काय घडले? राज्यात एका मताने पुढे असलेल्याला त्या राज्याचे सगळे इलेक्टर, हा नियम. मेन आणि नेब्रास्का सोडून सर्व राज्यांनी तो स्वीकारलेला आहे, आणि तो संविधानात लिहिलेला नाही. त्यामुळे कॅलिफोर्नियात एका मताने जिंका वा ४२ लाखांनी, फळ तेवढेच. ट्रम्प यांनी मिशिगन १०,७०४ मतांनी, विस्कॉन्सिन २२,७४८ मतांनी आणि पेनसिल्व्हेनिया ४४,२९२ मतांनी घेतले. बेरीज ७७,७४४. या तिघांचे इलेक्टर ४६. यातले एकही राज्य चिमुकले नाही. बायडेन यांनाही याच नियमाचा आधार मिळाला. २०२० मध्ये ते देशभरात सत्तर लाखांनी पुढे होते, पण ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन मिळून त्यांची आघाडी फक्त ४२,९१८ मतांची होती. ही तीन राज्ये ट्रम्प यांच्याकडे गेली असती तर २६९-२६९ अशी बरोबरी झाली असती.

‘नाहीतर मोठी शहरे राज्य करतील’ या भीतीबद्दल फार लिहीत नाही. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि शिकागो या तीन सर्वात मोठ्या शहरांची लोकसंख्या मिळून देशाच्या पाच टक्केही नाही.

गंमत म्हणजे ट्रम्प यांच्या बाजूने मांडता येण्यासारखा सर्वात भक्कम मुद्दा या पत्रात नाहीच. देशभरातली एकूण मते हा कुणी लढलेला सामना नव्हता. दोन्ही पक्षांनी पैसा आणि सभा मोजक्या राज्यांत ओतल्या. नियम वेगळा असता तर प्रचारही वेगळा झाला असता. त्या वर्षी कॅलिफोर्नियात सिनेटच्या जागेसाठी अंतिम लढत कमला हॅरिस आणि लोरेटा सांचेझ यांच्यात होती, दोघीही डेमोक्रॅट. तिथल्या रिपब्लिकन मतदाराने घराबाहेर कशासाठी पडायचे? तेव्हा २८ लाखांचा फरक म्हणजे क्लिंटन यांचा हिसकावलेला विजय, असे म्हणणाऱ्यांनाही थोडे थांबावे लागते.

आणि ही पद्धत एकाच पक्षाची कैवारी आहे असे समजणाऱ्यांनी २००४ ची ओहायो बघावी. बुश देशभरात तीस लाखांनी पुढे होते आणि ओहायोत १,१८,६०१ मतांनी. तिथल्या साठ हजार मतदारांनी बुशऐवजी डेमोक्रॅट उमेदवार केरी यांच्यावर खूण केली असती, तर वीस इलेक्टर फिरले असते, केरी अध्यक्ष झाले असते आणि काउंट्या मोजणारे हे ढकलपत्र कुणी लिहिलेच नसते.