बालपणाविषयी रुग्णाला एकट्याला विचारा

नाशिकमध्ये एखाद्या मनोरुग्णाने कोणावर हात उचलल्याची बातमी आली, की आमच्या सिडकोतील शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप गटावर दोनच मते उमटतात. अशांना कायमचे डांबून ठेवावे, हे एक. आणि कोणी त्याच्या बालपणीच्या छळाचा उल्लेख केलाच, तर ‘मार आपणही खाल्ला, आपले काय बिघडले?’ हे दुसरे. वेल्समध्ये मानसोपचार कक्षात परिचारक म्हणून काम करताना मला दुसरे मत अधिक घातक वाटते, कारण ते समंजसपणाच्या सुरात मांडले जाते.

बालपणीचा छळ आणि मोठेपणीची हिंसा यांचा संबंध खरा आहे. तो विधिलिखित मात्र नाही. संशोधक कॅथी विडम यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात छळ किंवा हेळसांड सोसलेल्या ९०८ मुलांची इतरांशी तुलना केली, तेव्हा पुढे हिंसक गुन्ह्यात अटक होण्याचे प्रमाण त्यांच्यात जास्त आढळले, पण बहुसंख्य मुले त्या वाटेला गेलीच नाहीत. अमेरिकेतीलच मॅकआर्थर प्रतिष्ठानच्या साहाय्याने मनोरुग्णालयांतून घरी गेलेल्या हजाराहून अधिक रुग्णांचा माग काढला गेला. त्यात, जिथे शेजाऱ्यांशी तुलना केली तिथे, व्यसन नसलेले रुग्ण त्यांच्याहून हिंसक नव्हते; लहानपणी मारहाण सोसलेल्यांत मात्र हिंसेची शक्यता वाढलेली दिसली. केवळ आजाराचे नाव ऐकून घाबरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

मार खात वाढलेले मूल सतत धोक्याचा कानोसा घेत राहते. पुढे आजारात संशय बळावला, की मागून आलेले पाऊल किंवा चढलेला आवाजही त्याला हल्ला वाटतो आणि तो आधी हात उगारतो. अशा माणसाला चार जणांनी धरून खाटेला जखडले, तर त्याची जुनी भीतीच खरी ठरते. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळदंड आणि एकांतवास यांवर बंदी घातली आहे, ती म्हणूनच मोलाची आहे.

वेल्समध्ये २०२२ पासून मुलांना मारणे पूर्णतः बेकायदा आहे आणि आमच्या कक्षात दाखल होणाऱ्याला बालपणाविषयी विचारले जाते. विचारल्यानंतर बोलून करायच्या मानसोपचारासाठी महिनोन् महिने थांबावे लागते, हेही तितकेच खरे. रुग्णाजवळ बसायला तर अनेकदा कोणीही नसते. नाशिकमध्ये आई डबा घेऊन येते, भाऊ रात्रभर बाकावर झोपतो, आणि या मायेला पर्याय नाही.

परंतु आपल्याकडे रुग्णाची हकिकत सांगतात ते बहुधा हेच नातेवाईक. ज्याने पट्ट्याने मारले, तोच वडील किंवा काका शेजारी बसून ‘लहानपणी सगळे चांगले होते’ असे सांगत असेल, तर रुग्ण तोंड उघडणार कसे? नातेवाइकांना बाहेर बसवून दहा मिनिटे रुग्णाशी एकट्याने बोलणे, घरी किंवा शाळेत मारहाण झाली होती का हे विचारणे आणि उत्तर केसपेपरवर गोपनीय नोंदवणे, एवढे तरी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नेमाने व्हावे. बाह्यरुग्ण विभागातील गर्दी मला ठाऊक आहे. तरीही पहिल्या भेटीत नाही जमले, तर दुसऱ्या भेटीत ही दहा मिनिटे राखून ठेवता येतील.