अडॅप्टर किंवा अ‍ॅक्सेस पॉइंट
काल वीस तारीख होती. चार व्यापाऱ्यांची जीएसटीची ३-बी विवरणपत्रे त्याच रात्री बाराच्या आत भरायची राहिली होती, रात्रीचे पावणेदहा वाजले होते, आणि नेमक्या त्याच घटकेला लॅपटॉपने ‘नो इंटरनेट, सिक्युअर्ड’ असे जाहीर केले. इंटरनेट नाही, पण जे नाही ते सुरक्षित आहे! हे वाक्य ज्याने प्रथम लिहिले त्याला एकदा वीस तारखेच्या रात्री माझ्या खुर्चीत बसवावे, एवढीच माझी इच्छा आहे.

बाहेरच्या खोलीत सौभाग्यवतींच्या फोनवर मालिका सुरळीत चालली होती. “अहो, इथे तर छान लागतंय,” असे त्या सहज म्हणाल्या, आणि संतापाचा पहिला कढ मला तेव्हाच आला.

मी लॅपटॉपमधला बिघाड शोधणारा ट्रबलशूटर चालवला. शंभर वेळा तोंडघशी पाडूनही आपण ज्याच्याकडे पुन्हा जातो, असा हा एकमेव इसम असावा. हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे तीनदा सरपटत गेली आणि निदान उमटले: वायरलेस अडॅप्टर किंवा अ‍ॅक्सेस पॉइंट यांच्यात समस्या आहे. या वाक्यातील ‘किंवा’ने माझी अर्धी रात्र खाल्ली. अडॅप्टर लॅपटॉपच्या पोटात असतो आणि अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणजे चपलांच्या कपाटावर बसलेला आमचा राउटर. मध्ये आहे ती केवळ हवा. मग दुखणे एक तर वधूपक्षाकडे आहे किंवा वरपक्षाकडे, हे सांगण्यासाठी त्या पट्टीने एवढी सरपट कशाला करायची? नेमके कोणाकडे आहे, हे कळावे म्हणूनच तर मी त्याला बोलावले होते! खाली पुन्हा पिवळ्या त्रिकोणासह ‘नॉट फिक्स्ड’ असा शेरा होता, जणू दुरुस्त करणे हे माझे काम होते आणि मी ते केले नाही, याची नोंद त्याने माझ्या प्रगतिपुस्तकात करून ठेवली. दुसऱ्यांदा चालवल्यावर त्याचे मत बदलले आणि वैध आयपी पत्ता नसल्याचे त्याने कळवले. पाहतो तो खरेच, राउटरकडून पत्ता न मिळाल्यामुळे लॅपटॉपने १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता स्वतःच स्वतःला बहाल केला होता. घर मिळालेले नसताना दारावरची पाटी रंगवून तयार ठेवावी, तसा. तिसऱ्यांदा त्याने समस्या ओळखता आली नाही, असे कबूल केले आणि वर अभिप्राय मागितला. अभिप्राय मी दिला, पण तोंडी, आणि तो छापण्याजोगा नाही.

त्यानंतर सेवा देणाऱ्या कंपनीला फोन लावला. आठ मिनिटे एकच धून ऐकवल्यावर एका मुलाने सांगितले, “सर, एकदा राउटर बंद करून चालू करा, सर.” एका वाक्यात दोन वेळा ‘सर’ म्हणणाऱ्या माणसाला काहीही ठाऊक नसते, हा माझा जुना अनुभव आहे. राउटर मी आधीच चारदा बंद करून चालू केला होता. पाचव्यांदा केला तेव्हा केवळ मालिका बंद पडली, आणि त्यावर आतून जे ऐकू आले तेही इथे देत नाही.

मग भाच्याचा सल्ला घेतला. या भाच्याने दोन दिवाळ्यांपूर्वी “मामा, रिसेट करून टाक ना” असे सांगून मला सेफ्टी पिनने राउटरचे ते बारीक भोक दाबायला लावले होते, आणि त्यासरशी कंपनीने दिलेले नाव व पासवर्ड पुसले गेले होते. ते ज्या चिठ्ठीवर लिहिलेले होते ती रद्दीत गेलेली असल्याने आम्ही तीन दिवस मोबाइलच्या आशेवर काढले होते. या वेळी तो म्हणाला, “मामा, नवा ड्रायव्हर डाउनलोड कर.” विहिरीत पडलेल्याने आरडाओरडा करावा आणि काठावरच्याने ‘वर येऊन दोर घेऊन जा’ म्हणावे, तशातला हा प्रकार झाला. वायरने जोडावे म्हटले, तर लॅपटॉप बोटभर पातळ करण्याच्या हव्यासापायी त्याच्यावर लॅनचा पोर्टच ठेवलेला नाही. पातळ लॅपटॉप हवा, अशी मागणी मी कोणाकडेही केलेली नव्हती.

आज्ञा टंकायच्या काळ्या खिडकीत फ्लश-डीएनएस झाले, विनसॉक-रिसेट झाले. वीज वाचवण्यासाठी वायफायचे कार्ड झोपवू नये, म्हणून डिव्हाइस मॅनेजरमधील ती खूणही काढली. प्रत्येक उपायानंतर लॅपटॉप पुन्हा सुरू करावा लागतो आणि प्रत्येक वेळी आता जमेल असे वाटते, ही यातली सर्वांत अपमानास्पद बाब आहे. फोनचा हॉटस्पॉट लावून पाहिला, तोही धरेना. साडेअकरा वाजले होते. आता उशीर झाला की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, आणि एकोणीस तारखेच्या संध्याकाळी पिशवीभर बिले आणून ओतणारा किराणा व्यापारी ते मलाच भरायला लावणार, यात शंका नव्हती.

शेवटी फोन केबलनेच जोडायचा, असे ठरवले. लॅपटॉपला दोनच पोर्ट आहेत. एकात माऊस आणि दुसऱ्यात बॅकअपसाठी त्याच सकाळी लावलेली नवी कोरी हार्ड डिस्क. फोनला जागा करण्यासाठी मी हार्ड डिस्क उपसली. फोनची केबल अजून माझ्या हातातच होती, तोवर वायफायच्या चारही रेषा भरल्या. मी हार्ड डिस्क पुन्हा लावली, रेषा गळाल्या. पुन्हा काढली, भरल्या. हा खेळ मी लहान मुलासारखा पाच वेळा केला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे म्हणतात. इथे कळसा काखेतही नव्हता, डाव्या कोपरापाशी निळा दिवा मिचकावत होता. ही डिस्क ज्याने जोडतात ते यूएसबी ३.० सेकंदाला ५ गिगाबिटच्या वेगाने माहिती वाहून नेते आणि त्या धावपळीचा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे नेमका वायफायच्या उरावर, पसरतो. इंटेलने २०१२ सालीच यावर टिपण प्रसिद्ध केलेले आहे. सौभाग्यवतींचा फोन राउटरसमोर असल्याने वायफायच्या दुसऱ्या, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर होता, म्हणून मालिकेला धक्का लागला नाही. मी मात्र दोन भिंतींपलीकडे, बंद केलेल्या गॅलरीत कार्यालय थाटले आहे, तिथे ५ गिगाहर्ट्झ पोहोचत नाही; आणि ही जागा निवडली, ती शांतता हवी म्हणून. हार्ड डिस्कच्या खोक्यावर ती किती उंचीवरून पडली तरी चालेल, हे चार भाषांत लिहिले आहे. वायफायपासून दूर ठेवा, हे एकाही भाषेत नाही. हा गोंगाट जिच्यातून गळतो ती डिस्कची केबल सर्वांत स्वस्त पाहून मीच घेतली होती, हा तपशील मी घरात सांगितलेला नाही.

विवरणपत्रे बारा वाजायला सहा मिनिटे असताना गेली.

आज सकाळी अकरा वाजता कंपनीचा माणूस तक्रार पाहायला आला, तेव्हा हार्ड डिस्क मी टेबलाच्या खणात, जुन्या चेकबुकांखाली ठेवली होती. त्याने लॅपटॉप पाहिला, राउटर पाहिला, मान हलवली आणि म्हणाला, “सर, एकदा बंद करून चालू करा, सर.” मी निमूटपणे उठलो आणि केला.