परीक्षेच्या आदल्या दिवशी पोराच्या हातात नवा कॅल्क्युलेटर देऊ नका

आज दुपारपासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय, म्हणून लिहायला बसलोय. लांब होईल. पण ज्यांच्या घरात पीयूसी (म्हणजे अकरावी-बारावी), डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगचं पोर आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

खानापूर तालुक्यातली एक मुलगी. वडील उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, आज मेकॅनिक्सचा पेपर होता. पीयूसीची दोन्ही वर्षं आणि पहिलं सेमिस्टर तिनं चुलतभावाच्या जुन्या कॅसिओ एफएक्स-८२एमएसवर काढलं. काल पगार झाला तसे वडील बाजारात गेले. दुकानदार म्हणाला, आता हेच नवीन मॉडेल, सगळे हेच नेतात. झालं, त्यांनी एफएक्स-९९१सीडब्ल्यू आणून लेकीच्या हातात ठेवला. आज पेपरात पहिलाच प्रश्न दोन बलांच्या परिणामी बलाचा. ५० किलोन्यूटन ३० अंशांत, ४० किलोन्यूटन ६० अंशांत. तिनं ५० कॉस ३० दाबलं. पडद्यावर आलं २५√३. तिला हवं होतं ४३.३०. दुसरं बल मिळवलं तर आलं २०+२५√३. तिला वाटलं मशीन बिघडलं. मग √३ म्हणजे १.७३ धरून सगळं हातानं करत बसली. उत्तर ८६.९७ च्या जवळपास आलंही, पण वेळ गेला आणि शेवटचे दोन उपप्रश्न कोरे राहिले.

बाहेर आल्यावर म्हणाली, "जुन्यात सरळ येत होतं की. ह्याच्यात काय झालंय कळेना." वडिलांना अजून सांगितलेलं नाही, त्यांना वाईट वाटेल म्हणून.

मशीनला काहीही झालेलं नव्हतं. ८२एमएस दशांशातच उत्तर देतो, ४३.३०१२७०१९ सरळ समोर. नावाच्या शेवटी ईएस, ईएक्स आणि सीडब्ल्यू असलेली मॉडेलं उत्तर वहीत लिहितो तसं देतात, अपूर्णांकात किंवा वर्गमुळात. ९९१ईएस प्लसवर एस-डी असं लिहिलेलं बटण एकदा दाबलं की दशांश येतो. सीडब्ल्यूवर ते बटणच नाही. तिथं फॉरमॅट दाबून यादीतून डेसिमल निवडायचं, नाहीतर शिफ्ट दाबून मग एक्झी (EXE) दाबायचं. एका ओळीची गोष्ट. ही ओळ विकताना सांगायला किती वेळ लागतो हो? अर्धं मिनिट! पोराचं सेमिस्टर त्या अर्ध्या मिनिटावर अडतं.

कायमचंही करून ठेवता येतं. ईएस प्लसवर शिफ्ट आणि मोड, मग १, मग २. म्हणजे लिहिताना अपूर्णांक वहीसारखा दिसेल, पण वर्गमुळाचं उत्तर दशांशात. ईएक्सवर शिफ्ट आणि मेनू, मग १, मग २. सीडब्ल्यूवर सेटिंग्ज, कॅल्क सेटिंग्ज, इनपुट-आउटपुट, आणि तिथं मॅथ-आय डेसिमल-ओ. आज रात्री जेवणाआधी पोराला समोर बसवून एवढं करा.

आता कुठला घ्यायचा ते. पीयूसी सायन्स, बीएस्सीचं पहिलं वर्ष, डिप्लोमाची सुरुवात, एवढ्याला ८२एमएस भरपूर झाला. साइन, कॉस, लॉग, घातांक, सरासरी, प्रमाण विचलन, अंश-मिनिट-सेकंद, सगळं आहे त्यात. सिव्हिलच्या पोरांना सर्व्हेला अंश-मिनिट-सेकंदाचं बटणच जास्त लागतं आणि ते ह्या सगळ्याच मॉडेलांत आहे, त्यासाठी महाग काही लागत नाही. इंजिनिअरिंगला मात्र ९९१ईएस प्लस घ्या आणि पहिल्या सेमिस्टरलाच घ्या. कारण त्यात समीकरणं आणि मॅट्रिक्स आहेत. मोड ५ मध्ये दोन आणि तीन अज्ञातांची समीकरणं, वर्गसमीकरण, घनसमीकरण सुटतात. स्ट्रक्चरला तीन अज्ञातं हातानं सोडवत बसलं तर अर्धा तास तिथंच जातो. इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना तर काँप्लेक्स मोडशिवाय गत्यंतर नाही. ३+४आय हे ५ आणि कोन ५३.१३ अंश असं करायला मोड २, संख्या टाकायची, मग शिफ्ट २, ३ आणि बरोबर. 'आय'चं चिन्ह ईएनजीच्या बटणावर आहे, कोनाचं चिन्ह शिफ्ट आणि उणे चिन्हाच्या बटणावर. दोन इंपिडन्स समांतर जोडणीत असतील तर ८२एमएसवर पोल आणि रेक ह्या रूपांतराच्या बटणांनी होतं, पण मधले आकडे ई आणि एफ मेमरीत जाऊन बसतात, ते आठवून पुन्हा काढावे लागतात, आणि तिथंच चूक होते.

समीकरणांच्या मोडमध्ये सगळ्यांची एकच चूक होते. मशीनला स्थिर संख्या बरोबरच्या चिन्हाच्या उजवीकडे लागते. पोरं ती डावीकडे ठेवूनच आकडे भरतात आणि चिन्हं उलटी येतात. आणि पेपरात नुसतं उत्तर लिहून गुण मिळत नाहीत, पायऱ्या लिहाव्याच लागतात. मशीन ताळा करायला वापरा.

ईएक्समध्ये चार अज्ञातांची समीकरणं आणि चार बाय चारची मॅट्रिक्स होते, पडदाही जास्त स्पष्ट आहे, हे मान्य. ज्याच्याकडे आधीपासून आहे त्यानं तोच वापरावा. सीडब्ल्यूही वाईट मशीन नाही, ज्यानं चार महिने हाताळलाय त्याच्यासाठी. पण त्याची बटणांची मांडणीच बदललीय. जुन्या मॉडेलवर ज्या बोटांना सवय झाली ती बोटं तिथं अडखळतात. पेपरात पोरगं मान वर करून बटण शोधत बसत नाही, बोटं आपोआप जातात. त्या मुलीची बोटं काल रात्रीपर्यंत ८२एमएसवर होती. एका रात्रीत ती कशी बदलणार?

परीक्षेला प्रोग्रामेबल चालत नाही. एफएक्स-५८००पी, एफएक्स-३६५०पी असल्या मॉडेलांत प्रोग्रॅम लिहून साठवता येतो, शेवटचा 'पी' बघा. मोठ्या भावानं कुठल्यातरी कामासाठी घेतलेला उचलून आणला तर हॉलमध्ये काढून घेतील. ग्राफ काढणारे तर नकोच. हॉलतिकिटावरची सूचना वाचायची सवय लावा, दरवेळी वाचा.

आणि ज्यांची पोरं नुसती जेईई, नीट किंवा केसीईटी ह्या प्रवेश परीक्षांच्या मागं आहेत त्यांनी त्यासाठी कॅल्क्युलेटर घ्यायचं डोक्यातूनच काढा. तिथं कुठलाच चालत नाही. हातानं भागाकार, वर्गमूळ, लॉगचा अंदाज येणं हीच तिथली तयारी. गेटला, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेला, तर पडद्यावरचाच कॅल्क्युलेटर, माउसनं चालवायचा, आणि त्यात आधी ३० टाकून मग साइन दाबायचं. कॅसिओवर बरोबर उलटं, आधी साइन मग ३०. तिसऱ्या वर्षापासून पडद्यावर सराव केला नाही तर तिथंही हेच होणार, बोटं उलटी जाणार.

कॉमर्सच्या पोरांना सायंटिफिक कोण घ्यायला लावतं ते कळत नाही. त्यांना १२ आकडी, ग्रँड टोटलचं बटण असलेला मोठ्या बटणांचा टेबलावरचा घ्या.

आता कोनाचं. ह्यात जेवढे गुण जातात तेवढे आणखी कशात जात नसतील. पडद्याच्या वरच्या पट्टीत बारीक डी, आर किंवा जी असतो. डी म्हणजे अंश, आर रेडियन, जी ग्रेडियन. साइन ३० दाबा. ०.५ आलं तर अंश. उणे ०.९८८ आलं तर रेडियन. ०.४५४ आलं तर ग्रेडियन. पेपर हातात पडायच्या आधी हे दाबायचं, एक सेकंदाचं काम. ८२एमएसवर बदलायला मोड दोनदा दाबून १. ईएस प्लसवर शिफ्ट, मोड, ३. पण कॅल्क्युलसला उलटं. ९९१वर साइनचं ० ते पाय इंटिग्रेशन २ यायला हवं. मशीन अंशांत राहिलं तर ०.०८६ येतं आणि पोरगं तेच लिहून मोकळं होतं. इंटिग्रेशन झालं की परत अंशात आणायला विसरतं, आणि पुढच्या प्रश्नात ५० कॉस ३० हे ४३.३० ऐवजी ७.७१ येतं. म्हणजे त्या मुलीचं बल एका बटणानं जवळजवळ सहापट कमी झालं असतं. निदान तेवढं तरी तिनं बघितलं होतं, अंशांतच होतं तिचं.

फिक्स, म्हणजे किती दशांश दाखवायचे ती सेटिंग, हीही असाच घात करते. कुणीतरी दोन दशांशांवर ठेवलेलं असतं आणि ०.००३४ हे ०.०० दिसतं. पोराला वाटतं उत्तर शून्य. किंवा १ भागिले २०० केल्यावर ०.००५ ऐवजी पाच गुणिले दहाचा उणे तिसरा घात दिसतो आणि ते घाबरतं. पहिल्याला आणि दुसऱ्यालाही नॉर्म २ ही साध्या दशांशाची सेटिंग हा उपाय. ८२एमएसवर मोड तीनदा, ३, मग २. स्टॅटिस्टिक्सला जुना डेटा आत पडून राहतो, नवा त्यातच मिसळतो, सरासरी भलतीच येते. ८२एमएसच्या एसडी (स्टॅटिस्टिक्सच्या) मोडमध्ये नवं गणित घ्यायच्या आधी शिफ्ट, मोड, १, बरोबर. मधली उत्तरं कागदावर दोन दशांशांत उतरवून पुन्हा टाकू नका, मागचं उत्तर आणणारं एएनएस बटण वापरा. मशीन आत पडद्यापेक्षा जास्त आकडे धरून ठेवतं.

हॉलमध्ये कधीकधी सुपरवायझर मेमरी पुसायला लावतात. ईएस प्लस आणि ईएक्सवर शिफ्ट, ९, ३, बरोबर, एसी. करू देत, त्यांचं काम आहे. पण लक्षात ठेवा, त्यानंतर सगळी सेटिंग मूळ जागी जातात, म्हणजे तुम्ही लावलेला दशांशही जातो आणि पुन्हा २५√३ यायला लागतं! म्हणून वरची बटणं पाठ पाहिजेत.

सेलबद्दल आपल्याकडच्या लोकांनी जास्त जपायला हवं. ज्येष्ठ-आषाढात बेळगावचा पाऊस, खिडकीबाहेर भरदुपारी अंधार, त्यात लाईट गेलेली, आणि ह्याच दिवसांत सेमिस्टरचे पेपर. ९९१ईएस प्लसला वर सोलर पट्टी आहे म्हणून पालक म्हणतात सेलची काळजी नाही. आत एलआर४४ बटन सेल असतो आणि कमी उजेडात तोच काम करतो. तो मेलेला असला तर उजेडात मशीन चालतं, अंधार आला की पडदा जातो आणि मेमरीही जाते. तीन वर्षं झाली की सेल बदला, पेपरच्या आठवड्यात नाही, महिनाभर आधी. मागचे बारीक स्क्रू काढा, अधिक चिन्ह वर ठेवून बसवा, बंद करा आणि शिफ्ट ९ ३ करा. जुन्या ८२एमएसला पेन्सिल सेल लागतो, तो कुठल्याही किराणा दुकानात मिळतो, खानापूर असो की निपाणी.

दुकानात घेताना पेटीवरचं नाव बघून भुलू नका, हुबेहूब दिसणारे नकली येतात. तिथंच काउंटरवर सोलर पट्टी अंगठ्यानं झाका. सेल असल्यामुळं चालू राहील, पण पट्टी नुसती काळी चिकटवलेली आहे का ते नीट निरखून बघा. ६९ फॅक्टोरियल करा, उत्तर यायला हवं. ७० फॅक्टोरियलला मॅथ एरर यायला हवी. प्रत्येक आकडा एकदा दाबा, ८ दाबल्यावर ८८ उमटला तर तो परत द्या. बिल घ्या. दुकानदारालाही पोट आहे, नवीन माल खपवायला लागतो, हे समजतं. पण समोरच्याला विचारा तरी, पोराचा पेपर कधी आहे.

त्या वडिलांवर राग नाही. महिन्याच्या पगारातून माणूस लेकीसाठी सगळ्यात चांगली वस्तू घेऊन येतो, त्याच्यावर कसला राग धरायचा. त्याला कुणी सांगितलं नाही एवढंच. पीयूसीत कॅल्क्युलेटर कसा वापरायचा हा एक तास कुठल्याही वर्गात होत नाही. मराठी शाळेतून आलेलं पोर इंग्रजीतलं बारीक अक्षरांचं मॅन्युअल उघडून बघत नाही, आणि विचारायला लाजतं.

परवा तिचा गणिताचा पेपर आहे. जुन्या ८२एमएसला नवा पेन्सिल सेल घातलाय, साइन ३० ला ०.५ येतंय, नॉर्म २ लावलंय. इंटिग्रेशनचा प्रश्न आला तर रेडियन, नंतर परत अंश, हे तिनं पाच वेळा करून दाखवलं. नवा सीडब्ल्यू तिच्याकडेच आहे. सुट्टीत रोज दहा गणितं त्याच्यावर करायची आणि तिसऱ्या सेमिस्टरला तो घेऊन बसायचं असं ठरलंय. वडिलांना ती स्वतः सांगणार आहे, पेपर संपल्यावर.