गेल्या जन्मी तुम्ही पेशवे होतात

फेसबुकवर ‘गेल्या जन्मी तुम्ही कोण होतात?’ असं दिसलं की लगेच दाबा. एवढं मोठं गुपित कुणी फुकटात सांगतंय, मग बदल्यात त्यानं तुमचं नाव, फोटो, ईमेल मागितलं तर बिघडलं कुठं? परवानग्यांची पाटी येईल, ती वाचायची नाही. असल्या पाट्या वाचणारी माणसं लग्नपत्रिकेत मुद्रणदोष शोधत बसतात.

आमच्या काकांनी दाबलं. पेशवे निघाले. (गेल्या जन्मी कुणी पाणक्या निघाल्याचं अजून ऐकलं नाही.)

चार दिवसांनी पहाटे तीन वाजता पेशव्यांनी नव्वद टक्के सवलतीत गॉगल विकायला काढले. जाहिरातीत ४९ जण टॅग. त्यात सोसायटीचे चेअरमन, सुनेचे आईवडील आणि काकूंचे तीन वर्षांपूर्वी वारलेले भाऊ. त्यांचं प्रोफाइल बंद करायचं राहूनच गेलं होतं. सकाळी काकूंनी चहाचा कप आदळला. “अहो, दादाला आता गॉगल कशाला?”

असं काही झालं की ‘माझं अकाउंट हॅक झालं आहे’ अशी पोस्ट टाका आणि निर्धास्त झोपा. हॅक म्हटलं की कसं, कुणीतरी रात्री भिंत फोडून आल्यासारखं वाटतं. आपणच दार उघडून, पाट मांडून, वर किल्ली हातात दिली हे कुणाला सांगायचं नाही. असल्या खेळामागं एक ॲप असतं, ते तुमच्या खात्याला जोडलं जातं, आणि त्याला तुमचा पासवर्ड लागतच नाही. तुम्ही ‘परवानगी आहे’ म्हणालात की त्याला स्वतःची वेगळी किल्ली मिळते. मार्च २०१७ मध्ये ट्विटर काउंटर या फॉलोअर मोजणाऱ्या ॲपमध्ये कुणीतरी घुसलं, आणि ॲम्नेस्टी इंटरनॅशनल, फोर्ब्स अशांच्या खात्यांवरून तुर्की भाषेतला मजकूर स्वस्तिकासकट बाहेर पडला. पासवर्ड बिचारे आपापल्या जागी सुखरूप होते.

आणि फक्त स्वतःपुरतं पाहू नका, गोतावळ्याचाही विचार करा. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचाराचा सल्ला देणाऱ्या कंपनीच्या प्रकरणातली ती फेसबुकवरची प्रश्नमंजुषा आठवते? भारतात ती घेतली अवघ्या ३३५ जणांनी. माहिती गेली असावी ती सुमारे ५ लाख ६२ हजारांची, हा हिशेब २०१८ मध्ये फेसबुकनंच दिला. ती प्रश्नमंजुषा चालू होती तेव्हा ॲपला मित्रांचीही माहिती घेता यायची. एकानं जेवावं आणि बिल अख्ख्या वाडीनं भरावं, असा सहकार साखर कारखान्यांतसुद्धा दिसत नाही.

टू-स्टेप व्हेरिफिकेशनच्या भानगडीत तर पडूच नका. पासवर्डनंतर आणखी सहा आकडे टाकायला तब्बल पाच सेकंद जातात, तेवढ्यात एक ‘सुप्रभात’ पाठवून होतो. सेटिंगमध्ये ‘ॲप्स आणि वेबसाइट्स’ नावाची यादी असते, तिकडंही फिरकू नका. नको ती नाती समोर येतात.

मी आगाऊपणा करून काकांची यादी उघडलीच. २३ ॲप्स. मुलांची नावं सुचवणारं (धाकटा चुलतभाऊ आता चाळिशीचा आहे), कोणत्या नटासारखे दिसता ते सांगणारं, मृत्यूची तारीख सांगणारं. ती तारीख दोन वर्षांपूर्वीच उलटून गेली होती. मी एकेक काढत होतो. काका चष्मा लावून शेजारी बसले होते, काही बोलत नव्हते. शेवटचं उरलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

“तो पेशव्यांचा तेवढा राहू दे रे.”