नांगर सोडा, पण निरोप अर्धा ऐकून नको

रोहा-माणगावकडच्या शेतकऱ्यांमध्ये सध्या एक मजकूर फिरतोय : ‘नांगरणी कायमची बंद करा. कोरडवाहू प्रयोगांनी सिद्ध झालंय, उत्पन्न पहिल्याच वर्षी वाढतं. तण आपोआप संपतं. खर्च शून्य. जमीन कुठलीही चालते.’ मी स्वतः एक खाचर न नांगरता करतो. पद्धत मला पटलेली आहे, म्हणूनच हा मजकूर मला घातक वाटतो. यावर विसंबून एखाद्याचं भात गेलं, तर तो पुन्हा या वाटेला फिरकणार नाही.

‘प्रयोगांनी सिद्ध झालंय.’ काय सिद्ध झालंय ते तरी पूर्ण सांगा. २०१५ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात जगभरचे ६१० अभ्यास एकत्र तपासले गेले. सरसकट पाहिलं तर बिननांगरणीत उत्पन्न सरासरी ५.७ टक्के घटलं होतं. वाढलं ते कोरड्या हवामानात, पावसावरच्या शेतीत, ७.३ टक्के, आणि तेही जिथे पिकाचं काड रानातच ठेवलं आणि पिकांची फेरपालट केली तिथे. कारण उघड आहे, झाकलेल्या जमिनीत ओल टिकते. आता आपला आषाढ डोळ्यांपुढे आणा. तेव्हा ओल टिकवायची चिंता कोणाला? आपलं खरं कोरडवाहू सुरू होतं भात कापल्यावर, वाल-पावटा अंगओलीवर, म्हणजे जमिनीत उरलेल्या ओलीवर, उभा राहतो तेव्हा. चिखलणी केलेलं, म्हणजे लावणीआधी पाण्यात नांगरून चिखल केलेलं खाचर वाळलं की दगड होतं आणि भेगाळतं. न नांगरलेल्या, मुळं तशीच ठेवलेल्या जमिनीत फरक दिसतो तो इथे.

पण काड ठेवायचं कुठून? पेंढा गोठ्यात जातो, पालापाचोळा राबाला, म्हणजे रोपांची जागा भाजायला. उरलेली धसकटं दिवाळीनंतर मोकाट सुटलेली गुरं खातात आणि ओली जमीन खुरांनी दाबून टाकतात. मजकुरात गुरांचा उल्लेखच नाही. माझा पहिल्या वर्षीचा वाल गुरांनीच नेला. दुसऱ्या वर्षी शेजारच्या चार जणांना बरोबर घेऊन कुंपण केलं, तेव्हा कुठे शेंग हाती लागली.

‘तण आपोआप संपतं.’ साफ चूक. चिखलणी आणि साचलेलं पाणी हेच आपल्या भाताचं मोठं तणनियंत्रण. ते काढलंत की लव्हाळा आणि हरळी आधी उठतात. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा भात तंत्रातही, म्हणजे कायमच्या गादीवाफ्यांवर न नांगरता भात घेण्याच्या पद्धतीतही, तणनाशक वापरतात, ते लपवून ठेवलेलं नाही. तणनाशक नको असेल तर बेणणीची, म्हणजे हाताने तण काढण्याची, मजुरी धरा, पण एकाचा हिशोब करावाच लागेल.

म्हणजे ‘खर्च शून्य’ही गेलं. चिखलणी आणि लावणी वाचते, ती बचत मोठी आहे आणि आज लावणीला माणसं मिळत नाहीत तेव्हा तर फारच. पण गादीवाफे पहिल्यांदा करताना जमीन एकदा उकरावीच लागते.

‘जमीन कुठलीही चालते’ हे मात्र ऐकूच नका. पेण-अलिबागच्या खारभूमीत पावसाचं साचलेलं गोडं पाणी मीठ धुऊन नेतं, म्हणून तिथे भात होतं. तिथे निचऱ्याचे वाफे करायला कोणी सांगत असेल तर आधी मिठाचं काय करणार ते विचारा. नाचणीच्या उतारावरच्या हलक्या वरकस जमिनीचं उलट आहे. तिथली उकरलेली माती पहिल्या जोराच्या सरीबरोबर ओढ्याला जाते, आणि मला तर वाटतं नांगर सर्वांत आधी तिथून उठायला हवा.

करायचंच असेल तर यंदा एकच खाचर घ्या, वरच्या अंगाचं, पाणी निघून जाणारं. आणि वालाचं बी काढण्याआधी गावात गुरं कधी सोडायची ते ठरवून घ्या.