बोअर मारायचा तर शेअरबाजारात

बाजार पडला की घाबरायचं नाही, भाऊ. घाबरायचं ते पुण्या-मुंबईच्या लोकांनी. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात आपण जमिनीला इतकी भोकं पाडलीत की तेलविहिरी खोदणाऱ्या कंपनीचा शेअर घ्यायला आपल्याइतका लायक माणूस वॉल स्ट्रीटवरही सापडायचा नाही. सगळे विकताहेत ना? मग घ्या.

कोणता घ्यावा? ज्याचा भाव सगळ्यात जास्त आपटला तो. पाचशेचा पंचवीसला मिळतोय म्हणजे चारशे पंच्याहत्तर रुपये सूट. दिवाळीत कापडदुकानदार एवढी देतो का? ताळेबंद उघडू नका, कर्जाचा आकडा दिसला की उगाच हात थरथरतो. त्यापेक्षा नारळवाल्या पाणाड्याला मानतो तसं टीव्हीवरच्या तज्ज्ञाला माना. एकाच्या तळहातावरचा आडवा नारळ उभा राहिला की तिथे पाणी, दुसऱ्याचं बोट आलेखावर थांबलं की तिथे तळ. बोअर फेल गेल्यावर दोघंही फोन उचलत नाहीत.

कोणी शंका काढलीच तर त्याला बोअरच्या गाडीचा दाखला द्या. पाणी लागो न लागो, गाडीवाला फुटाचे पैसे मोजून घेतो. समुद्रात तेलविहीर खोदणाऱ्या रिगचंही तसंच, तेल निघो न निघो, भाडं दिवसावर चालू. म्हणजे बुडायचा प्रश्नच नाही! पावसाळ्यात तीच गाडी पेट्रोलपंपामागे ताडपत्री पांघरून उभी असते आणि फायनान्सवाल्याचा हप्ता ताडपत्रीखाली शिरून येतोच, हे मात्र विसरून जा. तेलाचा भाव उतरला की रिगही अशीच उभी राहते. तिचे हप्ते बहुधा डॉलरात असतात, एवढाच फरक.

इतिहास तर वाचूच नका. २००८ च्या जुलैत १४७ डॉलरवर गेलेलं तेलाचं पिंप डिसेंबरात ४० च्या खाली आलं. २०१४ च्या जूनमधलं ११५ चं पिंप २०१६ च्या जानेवारीत ३० च्याही खाली. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेत साठवायला टाक्या उरेनात, तेव्हा न्यूयॉर्कच्या वायद्यात भाव उणे ३७.६३ डॉलर झाला. आपल्या एमसीएक्स या वायदेबाजाराने तो सौदा उणे २,८८४ रुपयांनी मिटवला. केळीला व्यापारी फिरकला नाही तर आपण घड गुरांपुढे टाकतो. पण माल द्यायचा आणि वर पैसेही द्यायचे, हे आपल्या बाजार समितीलाही अजून सुचलेलं नाही. त्याच वर्षी एप्रिल ते ऑगस्टमध्ये डायमंड ऑफशोअर, नोबल आणि व्हॅलारिस या बड्या रिगवाल्या कंपन्या दिवाळखोरीच्या कोर्टात गेल्या. पुढे तेल चढलं, कंपन्याही नव्याने उभ्या राहिल्या. धनकोंनी कर्जाच्या बदल्यात मालकी घेतली होती. जुने भागधारक तेवढे धुऊन निघाले. पण तुम्ही काही तसे जुने नाही, तुम्ही तर आत्ताच घेताय.

आणि घेतल्यावर आणखी पडला तर? अ‍ॅव्हरेज करा, म्हणजे पडत्या भावात आणखी घेत जा. हे आपल्या रक्तातच आहे. काकांच्या मळ्यात रात्री दोन वाजता साडेसहाशे फुटांवर नुसता पांढरा भुरका उडत होता. केळीच्या पानांवर, आमच्या भुवयांवर, चहाच्या कपात. गाडीवाल्याने विचारलं, ‘‘आबा, थांबवू का?’’ काका उपरण्याने तोंड पुसत म्हणाले, ‘‘अजून पन्नास जाऊ दे भो, ओल लागू राह्यली.’’ आठशेवर पोचेपर्यंत काकूंच्या पाटल्या सराफाकडे पोचल्या होत्या.

मीही घराण्याला धरूनच वागलो. १८० ला घेतला, ९० ला घेतला, ४० ला घेतला. परवा काका आले. माझा मोबाइल हात लांब करून धरला, चष्मा वर-खाली केला आणि ती लाल रेघ वरून खालपर्यंत नीट पाहिली. भाव अकरा.

‘‘ओल लागू राह्यली का?’’

‘‘थोडी थोडी, आबा.’’